मनगटातली प्लेट ठेवावी की काढावी: टेंडनच्या बाजूने विचार

फ्रॅक्चर जुळले, पकड बऱ्यापैकी परत आली, मनगट वळू लागले, की एक प्रश्न मागे राहतो. आतली प्लेट राहू द्यायची की काढायची? "त्रास नसेल तर राहू द्या" हे उत्तर सगळीकडे मिळते आणि बहुतेकांसाठी ते योग्यच आहे. टायटॅनियमची प्लेट जन्मभर अंगात राहिली म्हणून काही बिघडत नाही. अडचण मधल्या लोकांची आहे. हाड भक्कम जुळलेले असते, पण एक्स-रेमध्ये प्लेटची कड मनगटाकडे जरा पुढे आलेली दिसते. अंगठा वाकवताना कधीतरी घासल्यासारखे वाटते, कधी तेही नाही. अशा हाताला दोन चांगले डॉक्टर दोन वेगळे सल्ले देतात आणि दोघांचेही चुकत नसते. हा आढावा अशा हातांसाठी आहे.

विषय रेडियसच्या (कोपर ते मनगट या भागातल्या, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या) मनगटाकडच्या टोकाला, तळहाताच्या बाजूने बसवलेल्या लॉकिंग प्लेटचा, म्हणजे जिच्यात स्क्रूची डोकी आट्यांनी बसतात अशा प्लेटचा. ही पद्धत २००० नंतर झपाट्याने रुळली आणि त्यामागचे एक मोठे कारण टेंडनच होते. त्याआधी प्लेट बहुधा हाताच्या पाठीकडून बसवत. तिथे बोटे सरळ करणारे टेंडन हाडाला जवळजवळ चिकटूनच धावतात. प्लेटवर घासून ते सुजत आणि काही वेळा तुटत. तळहाताच्या बाजूला प्रोनेटर क्वाड्रेटस हा चौकोनी स्नायू आहे, हाड सपाट आहे, टेंडन थोडे दूर आहेत. म्हणून प्लेट इकडे आली. त्रास कमी झाला, पण संपला नाही. त्याची जागा बदलली.

बोलीभाषेत लोक "शीर दुखावली", "शीर तुटली" म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा टेंडनच म्हणायचा असतो. स्नायूची ओढ हाडापर्यंत पोहोचवणारी ही दोरी आहे, रक्तवाहिनी नव्हे. ती तुटली तर रक्त वाहत नाही, सूजही फारशी येत नाही. एक हालचाल बंद पडते, एवढेच. पुढे येणारा सगळा घोळ या शांतपणामुळेच होतो.

पाठीकडे डोकावणारा स्क्रू: याचा निर्णय वेगळा

आधी सोपे प्रकरण बाजूला काढू. तळहाताकडून घातलेला स्क्रू लांब पडला तर त्याचे टोक हाताच्या पाठीकडे बाहेर येते. तिथे लिस्टरचा उंचवटा नावाचे हाडाचे छोटे टेंगूळ आहे आणि त्याला लागूनच असलेल्या खोबणीतून अंगठा वर उचलणारा लांब टेंडन जातो. कागदपत्रांत त्याला ईपीएल म्हणतात. बाजूने काढलेल्या साध्या एक्स-रेत या उंचवट्याची सावली खोबणीवर पडते. त्यामुळे टोक खोबणीत दीड-दोन मिलिमीटर बाहेर असले तरी स्क्रू हाडातच असल्यासारखा दिसतो. "एक्स-रे चांगला आहे" या वाक्यावर इथे विसंबू नये. मनगट पूर्ण वाकवून, किरण रेडियसच्या लांबीच्या दिशेने सोडून काढलेला एक्स-रे खोबणीचा तळ दाखवतो. त्यातूनही शंका राहिली तर सीटी स्कॅन.

स्क्रू लांब का पडतो, तर पाठीकडच्या हाडाचा फ्रॅक्चरमध्ये चुरा झालेला असतो आणि मापकाचा आकडा त्या भुसभुशीत भिंतीच्या पलीकडे अडकून येतो. खरे तर मनगटाकडच्या रांगेतल्या लॉकिंग स्क्रूंना मागची भिंत पकडण्याची गरजच नसते. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत हाडाच्या जाडीच्या ७५ टक्के लांबीच्या स्क्रूंनी जवळजवळ पूर्ण लांबीच्या स्क्रूंइतकीच मजबुती दिली आहे. म्हणून अनेक सर्जन मोजलेल्या मापातून २ मिलिमीटर सरळ वजा करतात.

असा स्क्रू ईपीएलच्या वाटेत आहे हे नक्की झाले की तिथे "ठेवावे की काढावे" हा वादच उरत नाही. हाड जुळले असेल, म्हणजे साधारण तीन महिन्यांनंतर, तर तेवढाच स्क्रू काढता येतो. त्याआधीच अंगठ्याच्या मुळाशी दुखणे आणि करकर सुरू झाली असेल तर तो बदलून आखूड घालतात. वाट पाहण्यात काही फायदा नाही. मात्र एक गोष्ट नोंदवायला हवी. ईपीएल प्लेट नसलेल्या, नुसत्या प्लास्टरमध्ये ठेवलेल्या, जागचे न हललेल्या फ्रॅक्चरमध्येही तुटतो, तोही काही आठवड्यांतच. त्या अरुंद खोबणीत रक्त साठून दाब येतो आणि तिथे टेंडनचा रक्तपुरवठा आधीच तुटपुंजा असतो. तेव्हा दीड महिन्यात अंगठा उचलता येईना म्हणून लगेच स्क्रूला दोष देऊ नये. तपासणी सोपी आहे. तळहात टेबलावर सपाट ठेवा आणि फक्त अंगठा वर उचला. उचलला नाही तर ईपीएल गेला.

प्लेट नेमकी कुठे बसली आहे

खरा पेच पुढच्या कडेचा आहे. रेडियसच्या टोकाला तळहाताच्या बाजूने एक आडवी धार असते. सर्जन तिला वॉटरशेड लाइन म्हणतात. तिच्या मागे, कोपराच्या दिशेला, प्लेटला बसायला जागा आहे आणि वर स्नायूची चादर आहे. तिच्या पुढे टेंडन थेट हाडाला टेकतात. प्लेटची कड ही धार ओलांडून गेली की पहिला घासणारा टेंडन म्हणजे अंगठ्याचे टोक वाकवणारा, एफपीएल. त्यानंतर तर्जनीचा खोल टेंडन.

हे मोजण्याची सोपी पद्धत २०११ साली सूंग या सर्जनच्या गटाने मांडली आणि ती आता सर्रास वापरतात. बाजूच्या एक्स-रेत रेडियसच्या तळहाताकडच्या ओठाचा, म्हणजे सांध्याच्या कडेचा, सर्वांत पुढे आलेला बिंदू घ्यायचा आणि त्यातून हाडाच्या दांड्याच्या कडेला समांतर रेषा काढायची. प्लेट रेषेच्या आत राहिली तर श्रेणी ०. रेषेच्या बाहेर आली पण ओठाच्या मागेच थांबली तर श्रेणी १. ओठावर चढली किंवा त्याच्याही पुढे गेली तर श्रेणी २. मात्र एक्स-रे खरोखर बाजूचा असायला हवा. पिसिफॉर्म हे वाटाण्याएवढे हाड स्कॅफॉइडचे टोक आणि कॅपिटेट या मनगटातल्या दोन हाडांच्या मधोमध दिसले पाहिजे. हात थोडा जरी फिरलेला असला तरी श्रेणी एकने इकडे-तिकडे होते, आणि त्या एका आकड्यावर निर्णय फिरतो.

प्लेट तीच, जागा तीच, तरी हाड कसे जुळले यावरही घासणे ठरते. रेडियसचा सांधा साधारण ११ अंश तळहाताकडे कललेला असतो. फ्रॅक्चर मागे झुकलेल्या स्थितीतच जुळले तर टेंडन प्लेटच्या कडेवर ताणून बसतात. दोरी उंबऱ्यावरून ओढावी तसे होते. म्हणून श्रेणी १ आणि मागचा कल असे दोन्ही असेल तर मी ती श्रेणी २ सारखीच धरतो.

"वर स्नायू शिवला आहे, प्लेट झाकलेली आहे" असेही सांगितले जाते. स्नायू शिवणे चांगलेच, पण तो फ्रॅक्चरमध्ये फाटलेला असतो, टाके बऱ्याचदा उसवतात आणि प्लेटची सर्वांत पुढची कड बहुतेक वेळा उघडीच राहते. निर्णय घेताना या चादरीला फार वजन देऊ नये.

ठेवायची ठरली तर

ठेवण्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. दुसरे ऑपरेशन नाही, पुन्हा भूल नाही, जुन्या व्रणातून पुन्हा शिरणे नाही. टेंडन तुटणे हे एकूण पाहता दुर्मीळच आहे. पुढे आलेली प्लेट घेऊन वर्षानुवर्षे व्यवस्थित काम करणारे हात भरपूर आहेत. श्रेणी ० असेल, कल चांगला असेल आणि तक्रार नसेल, तर हा रस्ता निःशंक घ्यावा. पुढचे वाचायचीही गरज नाही.

श्रेणी १ किंवा २ असताना ठेवायची असेल, तर "ठेवणे" म्हणजे "विसरणे" नव्हे. महिन्यातून एकदा घरच्या घरी तपासायचे. दुसऱ्या हाताची तीन बोटे मनगटाच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर मागे, अंगठ्याच्या बाजूला, हलकी टेकवा. मनगट थोडे मागे वळवा, कारण मनगट मागे वळले की टेंडन प्लेटवर जास्त दाबतो आणि जे लपते ते बाहेर येते. आता अंगठ्याचे टोक दहा वेळा वाकवा आणि सरळ करा. बोटांखाली करकर, खडबडीतपणा, टिचकीसारखा झटका किंवा दुखणारा बिंदू लागला तर ती खूण आहे. अंगठ्याच्या टोकाची ताकद दुसऱ्या हाताशी ताडून पाहा. चिमटीत कागद धरून ओढून बघणे पुरते. पहिल्या तीन बोटांत मुंग्या नव्याने सुरू झाल्या तरी लक्ष द्या. टेंडनभोवतीचे अस्तर सुजले की शेजारची मीडियन नस, म्हणजे या बोटांना संवेदना देणारा मज्जातंतू, दबते.

डॉक्टरांकडची तपासणी म्हणजे हलत्या अंगठ्याची सोनोग्राफी. एमआरआय धातूमुळे बिघडतो. सोनोग्राफीत मात्र अंगठा वाकवताना टेंडन प्लेटच्या कडेला टेकतो का, टेंडनभोवती पाणी आहे का, तो एका जागी जाड किंवा पातळ झाला आहे का, हे जिवंत दिसते. नुसत्या स्थिर चित्राने भागत नाही. करणाऱ्याला आधीच सांगावे की एफपीएल आणि प्लेटची कड यांच्यातले अंतर हवे आहे, मनगट मागे वळवून आणि अंगठा हलवून.

एक चूक टाळायलाच हवी. प्लेटच्या जागी दुखते म्हणून तिथे स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊ नका. सूज उतरते, दुखणे जाते, घासणे मात्र सुरूच राहते आणि टेंडन आणखी कमजोर होतो. जी खूण आपल्याला हवी होती तीच पुसली जाते.

जी गोष्ट शेवटी पारडे झुकवते

ठेवण्याच्या रस्त्याची सगळी भिस्त एका गृहीतावर आहे: टेंडन तुटण्याआधी इशारा देईल. देतो, पण विश्वासाने नाही. मला ही एकच गोष्ट सर्वांत जास्त खटकते.

काही हातांत कसलीच तक्रार नसते आणि एक दिवस अंगठ्याचे टोक वाकत नाही. जिथे इशारा मिळतो तिथेही तो कसा असतो ते पाहा. मनगटाच्या पुढच्या बाजूला थोडे दुखणे, सकाळी कडकपणा, अंगठा वापरल्यावर किंचित सूज. मनगट मोडून गेलेल्या प्रत्येक माणसाला हे सगळे वर्षभर होतच असते. त्यातले कुठले दुखणे हाडाचे, कुठले व्रणाचे आणि कुठले टेंडनचे, हे माणसाने घरी बसून कसे ओळखायचे? शिवाय काम कमी केले की करकर थांबते, म्हणजे बरे वाटू लागते. तेवढ्या काळात झिजलेले धागे परत येत नाहीत.

प्लेट काढताना असा टेंडन डोळ्यांसमोर येतो तेव्हा हे लख्ख कळते. वरून पाहिले तर टेंडन पांढरा, चकचकीत, निरोगी. हुकाने हलकेच उचलून उलटा केला की खालची बाजू दिसते. प्लेटच्या कडेच्या नेमक्या समोर, दोराचे पीळ सुटावेत तसे धागे सुटलेले. कधी जाडीचा एक तृतीयांश, कधी निम्मा भाग गेलेला. भोवतीचे अस्तर पिवळट-तपकिरी, सुजलेले, काही वेळा धातूच्या सूक्ष्म कणांनी करडे पडलेले. अंगठा वाकवला की तो सुटलेला भाग बरोबर कडेवरून सरकतो. ज्या हातात हे दिसते तो माणूस ऑपरेशनच्या आदल्या दिवशी "फारसे काही नाही, जरा घासते" एवढेच सांगत असतो. तक्रार आणि झीज यांचा मेळ बसत नाही, असे माझ्या पाहण्यात वारंवार आले आहे.

आणि ही पहारेदारी संपत नाही. तुटणे काही महिन्यांत होते तसे अनेक वर्षांनीही होते. हाड जुळल्यावर माणूस दवाखान्यात येणे थांबवतो, ते स्वाभाविकच आहे. पाच वर्षांनी महिन्याला एकदा अंगठा कोण तपासणार? कागदावर "प्लेट ठेवून लक्ष ठेवणे" हा सौम्य पर्याय दिसतो, पण त्यातले "लक्ष ठेवणे" पहिल्या वर्षानंतर बहुधा गळून पडते आणि उरते ती फक्त प्लेट.

तुटल्यावर काय हिशेब होतो

दोन पर्यायांची तुलना करताना प्लेट काढण्याचे ऑपरेशन आणि काहीच न करणे, अशी तुलना केली जाते. खरी तुलना प्लेट काढणे आणि तुटलेला टेंडन दुरुस्त करणे यांच्यातही आहे.

घासून तुटलेल्या टेंडनची टोके थेट शिवता येत नाहीत. ती कुरतडलेली असतात आणि स्नायू वरचे टोक मागे ओढून घेतो. मग तीन मार्ग उरतात. तळहाताच्या बाजूचा पामॅरिस लाँगस हा बारीक टेंडन काढून मधे जोड द्यायचा. तो काही लोकांत जन्मतःच नसतो, शिवाय एफपीएलचा स्नायू फार काळ सैल पडून आखडलेला नको. किंवा अनामिकेचे मधले पेर वाकवणारा वरचा टेंडन अंगठ्याकडे वळवायचा. त्याचा स्नायू ताजा असतो आणि जोड एकच करावा लागतो, पण अनामिकेची थोडी ताकद द्यावी लागते. किंवा अंगठ्याच्या टोकाचा सांधा थोड्या वाकलेल्या स्थितीत कायमचा जाम करायचा. वयस्क माणसाला हा शेवटचा मार्ग खूपदा मानवतो आणि तो कमी लेखू नये.

पहिल्या दोन मार्गांत तीन-चार आठवडे स्प्लिंट, हँड थेरपिस्टच्या देखरेखीखाली रोजचे व्यायाम आणि जड कामाला साधारण तीन महिने थांबणे आले. सगळे नीट झाले तरी अंगठ्याचे टोक पूर्वीइतके वाकेल असे धरून चालू नये. आणि या सगळ्यात प्लेट काढावीच लागते. जे ऑपरेशन टाळले तेही यातच येते.

काढायची ठरली तर

हा रस्ताही गुळगुळीत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

जुन्याच व्रणातून, एफसीआर या मनगट वाकवणाऱ्या टेंडनच्या वाटेने शिरावे लागते. पहिल्या वेळी पदर स्वच्छ वेगळे होतात. आता सगळे एकमेकांना चिकटलेले असतात. एका बाजूला रेडियल धमनी, दुसऱ्या बाजूला तळहाताच्या कातडीला संवेदना देणारी मीडियन नसेची बारीक फांदी. ती दुखावली तर अंगठ्याच्या मुळाशी बधिरपणा किंवा जळजळ मागे राहते आणि ती प्लेटपेक्षा जास्त छळते. त्यामुळे प्लेट काढणे हे "छोटे काम" म्हणून नवख्या हातात देऊ नये.

सर्वांत जास्त खोळंबा होतो तो स्क्रूंपाशी. लॉकिंग स्क्रूचे डोके प्लेटमध्ये आट्यांनी बसलेले असते. टायटॅनियम टायटॅनियमला धरून ठेवतो, आणि खाचेत मऊ ऊतक किंवा हाड वाढलेले असते. पेचकस खाचेत पूर्ण न बसवता जोर लावला की खाच गोल होते आणि तिथून पुढचा एक तास त्या एका स्क्रूवर जातो. म्हणून क्रम महत्त्वाचा. प्रत्येक खाच टोकदार हत्याराने आधी कोरून साफ करायची. पेचकस नवा, न झिजलेला आणि त्याच प्रणालीचा, म्हणजे प्लेट-स्क्रूच्या त्याच संचाचा, असायला हवा. अनेक २.४ मिलिमीटर स्क्रूंच्या प्रणालींत टी-८ मापाचा ताऱ्याकृती पेचकस लागतो, काहींत षटकोनी. एकही स्क्रू पूर्ण काढण्याआधी सगळे अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे. नाहीतर शेवटच्या अडकलेल्या स्क्रूभोवती पूर्ण प्लेटच फिरू लागते आणि आजूबाजूचे ऊतक फाटते. तरीही खाच गेलीच तर उलट्या आट्यांचा निमुळता काढणी-स्क्रू वापरायचा, आणि तोही फसला तर कार्बाइड बरने (वेगाने फिरणाऱ्या कातणीने) स्क्रूभोवतीची प्लेट कापायची. धातूचा भुगा टेंडनवर पडू नये म्हणून सतत पाणी मारत आणि शोषत राहावे लागते.

यातून रुग्णाने करण्यासारखे एक काम निघते. पहिल्या ऑपरेशनचा कागद आणि प्लेटच्या पाकिटावरचे स्टिकर शोधून सर्जनला आधीच द्या. कंपनी, प्रणाली, स्क्रूचा प्रकार कळला की योग्य पेचकस आणि काढणीचा संच त्या दिवशी टेबलावर असतो. हे नसले की ऐन ऑपरेशनमध्ये शोधाशोध होते, आणि काही वेळा एखादा स्क्रू आत ठेवूनच बाहेर यावे लागते.

वेळ कधीची? हाड दोन्ही दिशांच्या एक्स-रेत जुळलेले दिसले पाहिजे आणि दाबल्यावर दुखता कामा नये. साधारण सहा महिने ते वर्ष हा काळ मला बरा वाटतो. फार लवकर काढले तर हाड कच्चे. फार उशीर केला तर प्लेटच्या कडांवर हाड चढते, स्क्रू आणखी घट्ट होतात आणि घासण्याला तेवढी वर्षे जास्त मिळतात. ओठावरचे बारीक तुकडे धरण्यासाठी मुद्दाम धारेच्या पुढे बसवतात त्या रिम प्लेटचा विचार वेगळा. तिथे काढणे पहिल्या ऑपरेशनच्याच दिवशी ठरलेले असावे.

शक्य असेल तर फक्त जागा बधिर करून, एड्रेनलिनमिश्रित लिडोकेनवर, टूर्निकेट (रक्त थांबवणारा पट्टा) न आवळता हे ऑपरेशन करावे. फायदा असा की प्लेट निघाल्यावर रुग्णाला अंगठा वाकवायला सांगता येते आणि टेंडन हाडावरून कसा सरकतो ते समोर दिसते. कुठे हाडाची धार राहिली असेल तर ती तिथेच कानशीने घासून काढता येते. नाहीतर प्लेट गेली आणि तिच्या जागी हाडाचा कंगोरा घासत राहिला, असेही होते. टेंडन उलटा करून पाहणे हा भाग वगळू नये. झीज निम्म्याहून कमी असेल तर सुटलेले धागे छाटून तसेच सोडतात. त्याहून जास्त असेल तर त्याच बैठकीत जोड देण्याची तयारी आणि रुग्णाची संमती आधीच घेतलेली असावी.

कोणी तरीही ठेवावी

भुलीचा धोका मोठा असेल, हाड इतके ठिसूळ असेल की रिकामी भोके काळजीची ठरतील, हाताचे काम हलके असेल आणि श्रेणी १ च्या पुढे नसेल, तर ठेवावी. सोनोग्राफीत टेंडन आणि प्लेट यांच्यात स्पष्ट अंतर दिसत असेल तरी ठेवावी. उलट श्रेणी २ असेल, किंवा श्रेणी १ सोबत मागचा कल, संधिवात, स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा दिवसभर चिमटीचे काम यांपैकी काहीही असेल, तर तक्रार येण्याची वाट न पाहता काढण्याकडे माझा कल राहतो. करकर सुरू झालेल्या हातात तर मी दिवस मोजायलाही तयार नसतो. कुणी विचारपूर्वक उलटे ठरवले तर त्यात चूक म्हणता येणार नाही. मात्र महिन्याची तपासणी आणि वर्षाची सोनोग्राफी कोण करणार, याचे उत्तर त्याच्याकडे असायला हवे.

काढल्यानंतरचा काळ त्या मानाने सरळ आहे. बोटे आणि अंगठा पहिल्या दिवसापासून हलवायचे, नाहीतर टेंडन ताज्या जखमेला चिकटतो. मनगटाला हवा तर एक-दोन आठवडे स्प्लिंट, टाके दहा ते चौदा दिवसांनी. स्क्रूची भोके भरेपर्यंत निदान सहा आठवडे जड उचलणे आणि हातावर भार टाकणे टाळावे, कारण या काळात पडले तर हाड त्याच भोकांतून मोडते. धक्काबुक्कीच्या खेळांना आणखी महिनाभर थांबावे. अंगठ्यातली करकर लगेच जाईलच असे नाही. सुजलेले अस्तर निवळायला काही आठवडे घेते. सहा आठवड्यांनंतरही ती तशीच राहिली किंवा चिमटीची ताकद घटत गेली, तर पुन्हा हलत्या अंगठ्याची सोनोग्राफी करून घ्यावी आणि हाडाचा कंगोरा मागे राहिला आहे का, ते आधी पाहावे.